तिरपी ताटे, फिरत्या दीर्घिका आणि विश्वाचे वजन

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तरेस, अफजलगंजाला लागून बेगम बाजार आहे. निजामकाळापासून चालत आलेली ही घाऊक पेठ सुका मेवा, मसाले आणि किराणा यांच्याइतकीच भांड्यांसाठीही ओळखली जाते. म्हापशाच्या बाजाराची सवय असलेल्या गोमंतकीय वाचकाला तिथली गर्दी नवी वाटणार नाही. पितळेची ताटे, तांब्याच्या पराती, पोलादी थाळ्या दुकानांच्या दारांवर दाटीने टांगलेल्या असतात. कारागिराने प्रत्येक ताट गोलच घडवलेले असते. तरी टांगलेल्या ताटांपैकी फारच थोडी पाहणाऱ्याला गोल दिसतात. कोणते ताट डावीकडे कललेले, कोणते मागे झुकलेले, त्यामुळे बहुतेक ताटे कमी-अधिक लंबगोल भासतात.

आता अशी कल्पना करावी, की दुकान आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये एक जुनी, किंचित उंचसखल काच बसवली आहे. ती काच प्रत्येक ताटाचा आकार शंभरात एक भाग इतकाच ओढते. एखाद्या ताटाकडे पाहून त्याच्या लंबगोलपणात कलण्याचा वाटा किती आणि काचेचा वाटा किती, हे सांगता येईल काय? येणार नाही. आजच्या विश्वशास्त्रापुढील एका मोठ्या वादाच्या मुळाशी नेमका हाच प्रश्न आहे. तिथे ताटांच्या जागी अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिका आहेत आणि काचेच्या जागी डोळ्यांना न दिसणारा कृष्ण पदार्थ. या प्रश्नावर सुचवला गेलेला एक उपाय सांगायला सोपा आणि करायला कठीण आहे : ताटाच्या आकाराबरोबर त्याचे फिरणेही मोजावे.

प्रकाशाची वाट वाकते

वस्तुमान प्रकाशाची वाट वाकवते, हे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या व्यापक सिद्धांताचे भाकीत होते. सूर्याच्या कडेला घासून येणारा ताऱ्याचा किरण १.७५ विकला इतका वळेल, असे त्याचे गणित सांगत होते. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेटावर आर्थर एडिंग्टन यांनी आणि ब्राझीलमधील सोब्राल येथे दुसऱ्या ब्रिटिश तुकडीने छायाचित्रे घेतली. त्या मोजमापांनी आइन्स्टाइनच्या बाजूने कौल दिला.

१९३७ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी पुढचे पाऊल टाकले. एकटा तारा प्रकाश वाकवत असेल, तर कोट्यवधी ताऱ्यांची दीर्घिका एखाद्या भिंगासारखे काम करील, असे त्यांनी मांडले. प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास १९७९ साल उजाडले. त्या वर्षी एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा शेजारीशेजारी सापडल्या. या विषयाचे सैद्धांतिक काम भारतातही लवकर सुरू झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे, डी. नरसिंह आणि के. सुब्रह्मण्यम यांनी १९८० च्या दशकात गुरुत्वीय भिंगांवर महत्त्वाचे संशोधन केले.

एका वस्तूच्या दोन-चार प्रतिमा दिसणे किंवा दीर्घिकेचा आकार ओढला जाऊन प्रकाशाची कमान बनणे, हा भिंगाचा तीव्र प्रकार होय. तो क्वचित दिसतो, पण दिसला की शंकेला जागा राहत नाही. याउलट क्षीण गुरुत्वीय भिंग सर्वत्र आहे. दूरच्या प्रत्येक दीर्घिकेचा प्रकाश वाटेतील दृश्य-अदृश्य पदार्थाच्या राशींजवळून येतो आणि तिची प्रतिमा अगदी थोडी ओढली जाते. हे ओढणे फार तर एक टक्क्याच्या घरातले, पुष्कळदा त्याहूनही कमी.

या क्षीण परिणामाला एवढे महत्त्व येण्याचे कारण असे, की तो भेदभाव करत नाही. दुर्बिणीला फक्त चमकणारा पदार्थ दिसतो. प्रकाश मात्र वाटेतल्या सगळ्याच वस्तुमानाने वळतो. विश्वातील एकूण पदार्थापैकी सुमारे पाच-षष्ठांश कृष्ण पदार्थ आहे, असे आजचे गणित सांगते. त्याचे वजन थेट करू शकेल असा हा जवळजवळ एकमेव काटा आहे.

नव्वद हजारांची सरासरी

या काट्याचा दोष मात्र जन्मजात आहे. दीर्घिका मुळातच गोल दिसत नाहीत. आपल्या आकाशगंगेसारख्या चक्राकार दीर्घिका म्हणजे ताऱ्यांच्या चपट्या तबकड्या. त्या अवकाशात वाटेल त्या दिशेला कललेल्या असतात. त्यामुळे त्यांच्या आकारात दिसणारा स्वाभाविक फरक भिंगाच्या परिणामापेक्षा सुमारे तीस पटींनी मोठा असतो.

यावर शास्त्रज्ञांनी योजलेला उपाय घाऊक व्यापाऱ्याला लगेच पटेल असा आहे : एका नगावर भरवसा ठेवू नये, ढीग मोजावा. ताटे वाटेल तशी कललेली असतील, तर हजारो ताटांच्या सरासरीत कलण्याचा परिणाम एकमेकांना खोडून काढतो आणि काचेने सर्वांना एकाच दिशेने दिलेली ओढ तेवढी उरते. हिशेबच करायचा झाला, तर एक टक्क्याची ओढ दहा टक्के अचूकतेने मोजण्यासाठी सुमारे ९० हजार दीर्घिकांची सरासरी लागते. म्हणूनच या शाखेला आकाशाच्या विशाल सर्वेक्षणांवाचून गत्यंतर नव्हते. विश्वातील पदार्थाच्या जाळ्याने केलेली ही ओढ २००० साली चार स्वतंत्र गटांनी जवळपास एकाच वेळी प्रथम मोजली. तेव्हापासून सर्वेक्षणे मोठी होत गेली आणि दीर्घिकांची संख्या कोटींवर पोहोचली.

दोन काटे, दोन वजने

संख्या वाढली तशी एक अडचण पुढे आली. विश्वातील पदार्थ किती गोळा झाला आहे, म्हणजे तो किती प्रमाणात पुंजक्यापुंजक्यांनी राहिला आहे, हे सांगणारा एक अंक विश्वशास्त्रात वापरतात. त्याला ‘एस-आठ’ म्हणतात. प्लांक या युरोपीय उपग्रहाने विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रकाशाचे, म्हणजे वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीचे, बारकाईने मापन केले. त्यावरून आजच्या विश्वासाठी हा अंक ०.८३ च्या आसपास यायला हवा. क्षीण भिंगाच्या सर्वेक्षणांत मात्र तो वारंवार थोडा कमी भरत राहिला.

या मोजमापात पुण्याचाही वाटा आहे. हवाई बेटावरील जपानच्या ८.२ मीटर व्यासाच्या सुबारू दुर्बिणीवर ‘हायपर सुप्रीम-कॅम’ हा ८७ कोटी पिक्सेलचा कॅमेरा बसवला आहे. त्याच्या पहिल्या तीन वर्षांच्या निरीक्षणांतून सुमारे अडीच कोटी दीर्घिकांचे आकार मोजण्यात आले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील एका प्रमुख शोधनिबंधाचे पहिले लेखक पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतील सुऱ्हुद मोरे हे आहेत. या चमूने काळजीही विलक्षण घेतली होती. आकारांच्या एकाऐवजी तीन याद्या तयार केल्या गेल्या. त्यांपैकी दोन जाणूनबुजून बदललेल्या होत्या आणि खरी कोणती हे विश्लेषण करणाऱ्यांनाच ठाऊक नव्हते. आपल्याला हवे ते उत्तर नकळत निवडले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. पडदा उघडल्यावर उत्तर आले सुमारे ०.७८.

हा फरक लहान दिसतो. पण त्याचे परिणाम लहान नाहीत. विश्वाच्या बालपणावरून केलेले भाकीत आणि आजचे प्रत्यक्ष वजन जुळत नसेल, तर मधल्या तेरा-चौदा अब्ज वर्षांच्या कहाणीत काही तरी राहून गेले आहे. कृष्ण पदार्थ समजतो तसा नसेल किंवा फार मोठ्या अंतरांवर गुरुत्वाकर्षणच निराळे वागत असेल. तिसरी शक्यता साधी आणि म्हणूनच अधिक त्रासदायक आहे : काटाच थोडा चुकत असेल. २०२५ मध्ये युरोपीय ‘किड्स’ सर्वेक्षणाचे अखेरचे निष्कर्ष आले. त्यात हा अंक सुमारे ०.८१५ भरला आणि प्लांकशी जुळला. दीर्घिकांची अंतरे अधिक नेमकेपणाने ठरवल्याचा या बदलात मोठा वाटा होता.

काटा चुकण्याची दोन कारणे विशेष चर्चेत आहेत. एक म्हणजे अंतर. कोट्यवधी दीर्घिकांचा वर्णपट घेणे शक्य नसते. त्यामुळे मोजक्या रंगांतील छायाचित्रांवरून त्यांच्या अंतराचा अंदाज बांधावा लागतो. दुसरे कारण ताटे खरोखरच वाटेल तशी कललेली आहेत काय, हे. शेजारच्या दीर्घिका एकाच पदार्थराशीच्या ओढीत जन्मतात आणि मुळातच एकमेकींशी थोड्या जुळवून उभ्या असतात. मग सरासरीत उरलेली ओढ काचेची की जन्माची, हे कळेनासे होते. आणखी कोटभर दीर्घिका मोजल्याने हे दोष नाहीसे होत नाहीत. वजनच खोटे असेल, तर माल शंभरदा तोलूनही उपयोग नसतो.

हैदराबादच्या काचेवरचे तारे

छायाचित्रातून जे कळत नाही ते गतीतून कळते, हा अनुभव खगोलशास्त्राला नवा नाही. त्याचे एक उदाहरण हैदराबादेतच आहे. नवाब जफर जंग यांनी १९०१ च्या सुमारास इंग्लंडहून पंधरा इंची ग्रब दुर्बीण आणवली आणि जुन्या शहरातील फिसलबंडा येथे खासगी वेधशाळा उभारली. त्यांच्या पश्चात निजाम सरकारने ती ताब्यात घेतली आणि ती बेगमपेठ येथे हलवण्यात आली. बेगम बाजार आणि बेगमपेठ ही एकाच शहरातली दोन वेगळी ठिकाणे. नावसाधर्म्यामुळे गफलत होऊ नये. हीच निजामिया वेधशाळा. पुढे ती उस्मानिया विद्यापीठाशी जोडली गेली.

या वेधशाळेने एका जागतिक कामात हात घातला होता. संपूर्ण आकाशाचे काचेच्या पट्ट्यांवर छायाचित्रण करून ताऱ्यांची यादी करण्याचा संकल्प १८८७ मध्ये पॅरिस येथील परिषदेत सोडण्यात आला. आकाशाचे पट्टे पाडून ते जगभरच्या सुमारे वीस वेधशाळांना वाटून दिले गेले. दक्षिण आकाशातील उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा हैदराबादकडे आला आणि पुढे उत्तरेतील ३६ ते ३९ अंशांचा भागही. रॉबर्ट पोकॉक आणि त्यांच्यानंतर टी. पी. भास्करन यांच्या संचालकपदाच्या काळात हे काम वर्षानुवर्षे चालले. प्रत्येक ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा, आकडे लिहायचे आणि ग्रंथ छापायचे, असे ते चिकाटीचे काम होते. लाखो तारे अशा रीतीने नोंदले गेले.

त्या ग्रंथांचे खरे मोल कित्येक दशकांनी कळले. १९८९ मध्ये सोडलेल्या हिपार्कोस उपग्रहाने ताऱ्यांची स्थाने नव्याने मोजली. जुन्या काचांवरील स्थाने आणि उपग्रहाने मोजलेली स्थाने यांची तुलना करून तारे आकाशात किती सरकले हे काढता आले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टायको-२’ या सुमारे पंचवीस लाख ताऱ्यांच्या सूचीतील गती अशाच ठरवल्या गेल्या. त्यात हैदराबादच्या पट्ट्यांचाही समावेश आहे. एका छायाचित्राने तारा कुठे आहे एवढे सांगितले. तो कुठे निघाला आहे हे कळण्यास दुसरे मोजमाप लागले. १९६० च्या दशकात कृ. दा. अभ्यंकर या मराठी खगोलशास्त्रज्ञाने या वेधशाळेची धुरा सांभाळली. त्याच दशकात शहराबाहेरील जपाल-रंगापूर येथे ४८ इंची दुर्बीण उभी राहिली.

ताऱ्यांचे आकाशातील सरकणे आणि दीर्घिकेचे स्वतःभोवती फिरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दीर्घिका इतक्या दूर आहेत, की शंभर वर्षांच्या अंतराने घेतलेल्या छायाचित्रांतही त्यांचे फिरणे दिसणार नाही. त्यासाठी निराळे साधन लागते. तत्त्व मात्र तेच : आकृतीला गतीची जोड द्यायची.

ताट फिरू लागले तर

टांगलेले ताट आपल्या मध्याभोवती फिरू लागले असे समजावे. ताट पूर्णपणे समोर तोंड करून असेल, तर त्याच्या कडेचा कोणताही भाग पाहणाऱ्याकडे येणार नाही की दूर जाणार नाही. ते कडेवर उभे असेल, तर एक बाजू पूर्ण वेगाने जवळ येईल आणि दुसरी तितक्याच वेगाने दूर जाईल. मधल्या कलण्यात या दोहोंमधला वेग मिळेल. म्हणजे कडेचा खरा वेग ठाऊक असेल आणि त्यांपैकी किती वेग आपल्या दिशेने आहे हे मोजता आले, तर ताट किती कललेले आहे हे त्याच्या आकाराकडे न पाहताच सांगता येते.

दीर्घिकेच्या बाबतीत आपल्या दिशेचा वेग वर्णपटातून मिळतो. स्थानकात शिरणाऱ्या गाडीची शिट्टी चढी आणि निघून जाणाऱ्या गाडीची उतरती ऐकू येते. त्याचप्रमाणे जवळ येणाऱ्या ताऱ्यांचा प्रकाश निळ्याकडे आणि दूर जाणाऱ्यांचा तांबड्याकडे झुकतो. खरा वेग कळण्यासाठी १९७७ मध्ये ब्रेंट टली आणि रिचर्ड फिशर यांनी शोधलेला नियम उपयोगी पडतो. चक्राकार दीर्घिका जितकी तेजस्वी, तितकी ती अधिक वेगाने फिरते, असा तो नियम आहे. तेज मोजले की खऱ्या वेगाचा अंदाज येतो.

एक उदाहरण घ्यावे. एखादी दीर्घिका तिच्या तेजावरून सेकंदाला २०० किलोमीटर वेगाने फिरत असावी असे ठरले आणि वर्णपटात आपल्या दिशेचा वेग १०० किलोमीटर भरला. निम्मा वेग म्हणजे ती समोरच्या स्थितीपासून ३० अंश कललेली आहे. मग तिची रुंदी लांबीच्या ०.८७ पट दिसायला हवी. छायाचित्रात ती ०.८५ पट दिसली, तर उरलेला फरक भिंगाचा. एक टक्का लांबी वाढणे आणि एक टक्का रुंदी घटणे यांचा एकत्र परिणाम एवढाच असतो.

ही युक्ती चालते याचे मर्म एका गोष्टीत आहे. गुरुत्वीय भिंग प्रकाशाची दिशा बदलते. प्रकाशाच्या रंगात नोंदलेला फिरण्याचा वेग मात्र ते बदलत नाही. त्यामुळे आकार विकृत झाला तरी वेग खरी साक्ष देतो. ओढ तिरकी असली तरी ती लपत नाही. फिरत्या गोल तबकडीत वेग ज्या रेषेवर सर्वाधिक असतो, तीच प्रतिमेतील सर्वांत लांब रेषा असायला हवी. तिरक्या ओढीने हे नाते बिघडते. वेगाची रेषा आणि आकाराची रेषा एकमेकींपासून सुटतात.

वेगावरून भिंग ओळखण्याची कल्पना २००२ मध्ये अँड्र्यू ब्लेन यांनी मांडली. २०१३ मध्ये एरिक हफ आणि सहकाऱ्यांनी तिला टली-फिशर नियमाची जोड दिली आणि मोठ्या सर्वेक्षणांत ती कशी वापरता येईल हे दाखवले. अलीकडील संगणकीय अभ्यासांनुसार या पद्धतीत एका दीर्घिकेच्या मोजमापातील अनिश्चितता सुमारे एक-दशांशावर येऊ शकते. अनिश्चितता दहा पट घटली की लागणारी संख्या शंभर पटींनी घटते. आधीच्या हिशेबातील ९० हजारांच्या जागी सुमारे ९०० दीर्घिका पुरतात. २०२३ मध्ये अबेल २२६१ या दीर्घिकांच्या गुच्छामागील, बोटांवर मोजण्याइतक्या तबकड्यांवर केक दुर्बिणीने हा प्रयोग करून पाहण्यात आला आणि एवढ्या थोड्या दीर्घिकांतूनही गुच्छाची ओढ मोजण्याचा मार्ग खुला झाला.

शिवाय काट्याच्या त्या दोन्ही दोषांवरही ही पद्धत लागू पडते. वर्णपट घेतलेलाच असल्याने दीर्घिकेचे अंतर अंदाजाने नव्हे, तर ताम्रसृतीवरून ठरते. आणि प्रत्येकीचे कलणे स्वतंत्रपणे कळत असल्यामुळे शेजारणी जुळवून उभ्या असल्या, तरी तो परिणाम भिंगाच्या नावावर खपत नाही.

उपायाची किंमत

मग हीच पद्धत सर्वत्र का वापरत नाहीत? पहिले कारण वेळेचे. एका छायाचित्रात लाखो दीर्घिका एकदम येतात; वर्णपटासाठी प्रकाश रंगारंगांत पसरावा लागतो आणि अंधुक दीर्घिकेसाठी दुर्बीण बराच काळ रोखून धरावी लागते. तेही एका बिंदूचा वर्णपट पुरत नाही. तबकडीच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. दुसरे कारण, सर्व दीर्घिका शिस्तीत फिरणाऱ्या नसतात. लंबवर्तुळाकार दीर्घिकांतील तारे सैरावैरा फिरतात. काही तबकड्या टकरीमुळे वाकलेल्या असतात. त्यांना गाळावे लागते. टली-फिशर नियमालाही थोडा विस्कळीतपणा आहे आणि तबकडीला जाडी आहे. ताट खऱ्या अर्थाने गोल व सपाट आहे हे गृहीतक जितके ढिले, तितके मापही ढिले.

म्हणून ही पद्धत छायाचित्रांच्या सर्वेक्षणांची जागा घेणार नाही. त्यांची पडताळणी करील. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली चित्रे प्रसिद्ध केली. तिचा ३२० कोटी पिक्सेलचा कॅमेरा दहा वर्षे दक्षिण आकाशाची नोंद ठेवणार आहे. जुलै २०२३ मध्ये सोडलेला युक्लिड उपग्रह अवकाशातून हेच काम करत आहे. ॲरिझोनातील ‘डेसी’ हे उपकरण पाच हजार प्रकाशतंतूंनी एकाच वेळी पाच हजार वर्णपट घेते. नासाच्या रोमन अवकाश दुर्बिणीत छायाचित्र आणि वर्णपट या दोन्हींची सोय आहे. फिरत्या तबकड्यांवरून भिंग मोजण्यासाठी संशोधकांचे तिच्याकडे विशेष लक्ष आहे.

या सर्व यंत्रांकडून अपेक्षित उत्तर एकाच आकड्याचे आहे. आकारांच्या सरासरीतून मिळणारे वजन आणि फिरण्याच्या साक्षीतून मिळणारे वजन हे दोन्ही प्लांकच्या भाकिताशी जुळले, तर गेल्या दशकातील तफावत काट्याचा दोष म्हणून निकालात निघेल आणि विश्वाची आजची कहाणी टिकेल. दोन्ही वजने एकमेकांशी जुळून भाकितापेक्षा कमी भरली, तर दोष काट्याचा नव्हता हे सिद्ध होईल. मग कृष्ण पदार्थाचे स्वरूप किंवा मोठ्या अंतरांवरील गुरुत्वाकर्षण, यांपैकी काही तरी नव्याने समजून घ्यावे लागेल. आज या दोन शक्यतांपैकी कोणतीही बाद झालेली नाही.